लेथवरील अचूकतेचे व पृष्ठाचे दोष

लेथवर (जॉब फिरवत टूलने कातणाऱ्या यंत्रावर) कातलेल्या जॉबचा, म्हणजे कातायच्या तुकड्याचा, व्यास, गोलाई किंवा सफाई हवी तशी न येणे आणि त्यामागचे कारण शोधणे, असा या विषयाचा आवाका आहे. एकच दोष अनेक कारणांनी उद्भवतो, म्हणून यंत्राच्या जुळणीला हात लावण्यापूर्वी मोजणी करणे अगत्याचे असते.

टेपर (व्यास एका टोकाकडे वाढत वा घटत जाणे) : जॉब टेलस्टॉकच्या (जॉबचे दुसरे टोक पेलणाऱ्या भागाच्या) आधाराने कातला असेल, तर आधी त्याचा सेंटर (टोकदार आधार) आडवा सरकला आहे का ते पाहतात. तो ०.०१ मिमी. सरकला, तरी त्या टोकाच्या व्यासात ०.०२ मिमी. फरक पडतो. आधार नसताना जाड, आखूड गज चकमध्ये (जबड्यांच्या फिरत्या पकडीत) धरून त्यावर एकमेकींपासून दूर अशा दोन कॉलर (उठावाच्या पट्ट्या) राखतात व त्यांवर अगदी हलका काप घेतात. जॉब लवण्याचा परिणाम त्यामुळे जवळजवळ जातो. तरीही व्यास वेगळे आले, तर बेडला (यंत्राच्या लांब पायथ्याला) पीळ बसला आहे किंवा हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) तिरका आहे. पीळच आधी तपासावा. मोकळ्या टोकाची कॉलर जाड आली, तर टेलस्टॉककडील पुढचा (कारागिराच्या बाजूचा) पाया किंचित उचलल्याने टूल जॉबकडे झुकते. यंत्रांच्या अशा चाचण्यांना बर्लिनच्या गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ च्या सुमारास शिस्त आणली. लेथसाठीचे आयएसओ १७०८ हे आंतरराष्ट्रीय मानक त्याच परंपरेतले आहे.

गोलाई : पातळ कडी तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट आवळून आतून कातली, तर सोडल्यावर भोक तीन फुगवट्यांचे होते. दोन बिंदूंत मोजणाऱ्या साधनाला हा दोष सहसा दिसत नाही. व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) व डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारे तबकडीचे मापक) घेऊन बाहेरील व्यासावरचे असे फुगवटे मात्र पकडता येतात.

कंप (चॅटर) : या दोषाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढील निबंधात, यंत्रकारागिरापुढचा हा सर्वांत गूढ प्रश्न असल्याचे म्हटले. आर. एन. आर्नोल्ड यांनी १९४६ मध्ये कर्तनवेग वाढताना कर्तनबल घटण्यावर भर दिला. असे घटते बल कंपनाला ऊर्जा पुरवते. पन्नाशीच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातील ट्लुस्टी व पोलाचेक आणि इंग्लंडमधील टोबायस व फिशविक यांनी पुनरुद्भवी कंपाची मांडणी केली : मागील फेऱ्याने सोडलेली लाट पुढच्या फेऱ्यात टूलखाली येते, कीसाची जाडी बदलते आणि नवी लाट उठते. नेहमीच्या टर्निंगमधील कंपाचा उलगडा या मांडणीने अधिक चांगला होतो असे दिसते. आर्नोल्ड यांचे निरीक्षण काही वेगांपुरते खरे मानावे.

निदानासाठी परिघावरील खुणा मोजतात. खुणांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे भागिले ६० म्हणजे कंपनाची वारंवारता. २०० फेऱ्यांवर ६० खुणा आल्या, तर २०० हर्ट्‌झ. फेरे बदलूनही वारंवारता फारशी हलत नसेल, तर कंप स्वयंप्रेरित असून यंत्र, टूल किंवा जॉब यांपैकी कोणीतरी आपल्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरते आहे. ती फेऱ्यांबरोबर बदलत असेल, तर असंतुलित चक, खराब बेअरिंग किंवा गिअर यांच्याकडे संशय जातो. उपायांत टूलची लोंबती लांबी कमी करणे सर्वांत फलदायी, कारण लवण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे कमी करणे, लहान नाकत्रिज्येचे (टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येचे) टूल घेणे आणि गिब (सरकत्या भागांतील फट भरणारी पट्टी) घट्ट करणेही उपयोगी. फार हलका फीडही (टूलची दर फेऱ्यातील सरकही) घातक ठरतो, कारण टूल कापण्याऐवजी घासते.

सफाई : आदर्श स्थितीत पृष्ठाची सर्वाधिक खोली फीडचा वर्ग भागिले नाकत्रिज्येच्या आठपट इतकी असते. ०.२ मिमी. फीड व ०.८ मिमी. नाकत्रिज्येला ती सुमारे ६.३ मायक्रॉन, तर ०.१ मिमी. फीडला सुमारे १.६ मायक्रॉन येते. प्रत्यक्षात पृष्ठ याहून बरेच खडबडीत आले, तर मऊ पोलादावर टूलच्या धारेला धातू चिकटला असण्याची शक्यता मोठी. वेग वाढवल्यास ते बहुधा थांबते.

उष्णता : ५० मिमी. व्यासाचा पोलादी जॉब २० अंश सेल्सिअस जास्त गरम असताना मोजला, तर व्यास सुमारे ०.०११ मिमी. अधिक दिसतो. निवल्यावर तो कमी भरतो.