गिअर खरखरला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

जालन्याच्या मोंढ्यापासून लातूरपर्यंत जुन्या पिकअपबद्दल एक समज पक्का आहे: गिअर खरखरत पडू लागला की गिअरबॉक्स उतरवा, नाहीतर १४० ग्रेडचं जाड गिअर ऑइल भरा. दोन्ही घाईचं.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत मऊ पडतात आणि चालू केली की अडतात, तर आधी संशय क्लचवर. उभ्या गाडीत, आयडलवर क्लच पूर्ण दाबून ५ सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी कडी) नसते. क्लच पूर्ण सुटत नसेल तर दात लगेच कर्रर्र करतात. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडतो? क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये, म्हणजे पेडलचा दाब द्रवातून पोचवणाऱ्या नळीत, हवा असेल. खालच्या, गिअरबॉक्सजवळच्या क्लच सिलिंडरचं रबरी बूट सरकवा. आत ओल दिसली तर सील गेलंय.

चालत्या गाडीत एकच गिअर खरखरतो किंवा आपोआप सुटतो, तेव्हा मात्र दोष बहुधा आतला.

आणि ते जाड ऑइल? सिंक्रो रिंगला ऑइलचा थर कापूनच पकड मिळते. थर जाड झाला की डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर आणखी जड. आवाज तेवढा दबतो, गाडी विकणाऱ्याच्या सोयीचा.