फट मिटण्याआधी : यंत्रात चिरडण्याच्या अपघातांची पार्श्वभूमी

पात्याची भीती सगळ्यांनाच वाटते. चिरडणारं यंत्र तसं भीतिदायक दिसत नाही. दोन भाग जवळ येतात, मधली फट मिटते आणि नेमका तेव्हाच तिथे कुणाचा तरी हात असतो, नाहीतर डोकं. यंत्र संथ चालत असलं तरी सुटका नाही, कारण मागचा जोर टनांत असतो.

इंग्लंडच्या सूतगिरण्यांत १८३० च्या सुमारास स्वयंचलित म्यूल, म्हणजे सूत कातणारं यंत्र, आला. त्याचा चात्यांचा लांबलचक गाडा साधारण दीड मीटर पुढे सरके आणि पुन्हा मागे जाई. खाली पडलेला कापूस वेचायला लहान मुलं त्याच्याखाली शिरत. गाडा परतायच्या आत बाहेर पडायचं, एवढीच काय ती सुरक्षा. १८४४ च्या ब्रिटिश कारखाने कायद्याने यंत्रांना कुंपण सक्तीचं केलं, शिवाय यंत्र चालू असताना त्याच्या स्थिर आणि सरकत्या भागांच्या मध्ये मुला-किशोरांना काम करायला बंदी घातली. धोक्याची जागा कायद्याने अगदी बोट ठेवून दाखवली होती. प्रौढ पुरुषांना मात्र ही बंदी लागू नव्हती.

गिरणीमालक गप्प बसले नाहीत. १८५५ मध्ये कुंपणाच्या सक्तीविरुद्ध त्यांनी मँचेस्टरला संघटनाच काढली आणि पुढच्याच वर्षी कायदा सैल झाला. त्यांचं म्हणणं ठरलेलं : कामगाराने लक्ष द्यावं. ‘निष्काळजीपणा’ हे कारण अपघाताच्या नोंदीत आजही सर्वांत सोयीचं ठरतं. माझ्या मते जाळ्या आणि गार्ड बसायला खरा जोर आला तो भरपाईच्या कायद्यांमुळे. जर्मनीत १८८४ मध्ये अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये भरपाईचा कायदा. चूक मालकाची होती हे सिद्ध न करताही पैसे मिळू लागले, आणि तुटलेल्या हाताचा खर्च मालकाच्या हिशेबात आला.

धातूचा पत्रा साच्यात दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर ‘दोन हातांची बटणं’ आली : दोन्ही दाबून धरल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे दाबाचा फेरा, नाही, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) जाणारच नाहीत. नगावर मजुरी असली की कामगार एक बटण चिकटपट्टीने किंवा पाचर मारून दाबून ठेवत. मग दोन्ही बटणं एकाच वेळी दाबावी लागतील आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडावी लागतील, अशी सर्किटं करावी लागली.

१९६३ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कराराने जबाबदारी आणखी मागे नेली : बिनगार्डचं धोकादायक यंत्र विकायलाच मनाई. फटींची मापंही ठरली. आयएसओ १३८५४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चिरडू नये म्हणून बोटासाठी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, हातासाठी १००, डोक्यासाठी ३०० आणि अख्ख्या शरीरासाठी ५०० मिलिमीटर.

दुरुस्तीच्या वेळी मात्र गार्ड काढावाच लागतो. फिटर आत असतो आणि दुसरा कुणी बटण दाबतो. अमेरिकेत १९८९ मध्ये आलेला लॉकआउट-टॅगआउटचा नियम यासाठीच आहे. वीज तोडायची, स्विचवर स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. पण वीज तुटली तरी हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) प्रेसचा वर थांबलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी त्याच्याखाली भक्कम टेकू लावावा लागतो.