तीन सेट, दहा रेप्स: हा आकडा आला कुठून?

जिममध्ये नाव घातलं की पहिल्याच दिवशी ट्रेनर सांगतो, 'प्रत्येक व्यायामाचे तीन सेट मार, दहा-दहा रेप्स.' म्हणजे वजन सलग दहा वेळा उचलायचं तो एक सेट, आणि मध्ये थोडा दम खाऊन असे तीन. बॉडीबिल्डरांच्या दुनियेतला वाटणारा हा हिशेब रुळला तो मात्र लष्करी इस्पितळात, आणि तोही पायाला लोखंडी बूट बांधून.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराची इस्पितळं जायबंदी सैनिकांनी भरली होती. गुडघ्याची दुखापत, मग शस्त्रक्रिया, मग प्लास्टर; एवढ्यात मांडी पार वाळून जायची. हलक्या वजनाचा व्यायाम पुष्कळ वेळा, हा तेव्हाचा रिवाज. त्याने ताकद लवकर येईना आणि खाटा रिकाम्या होईनात. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी हा रिवाज उलटा केला. लहान वयात संधिज्वराने अंथरूण धरलं असताना ते स्वतः वजनं उचलूनच सावरले होते, म्हणून बहुधा हे धाडस.

रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवायचं, लोखंडी बुटाला प्लेट्स लावायच्या आणि गुडघा सरळ करायला सांगायचं. जे वजन दहा वेळा उचलतं पण अकराव्यांदा हलत नाही, ते त्याचं माप. ते दर आठवड्याला नव्याने काढायचं, म्हणजे ताकद वाढली की वजनही वाढणार. १९४५ साली त्यांनी हे शोधनिबंधातून मांडलं. थोडं थोडं वजन वाढवत न्यायची कल्पना काही नवी नव्हती. वासरू रोज खांद्यावर घेत घेत बैल उचलणाऱ्या ग्रीक मायलोची दंतकथा आहेच. त्याच्याच नावाने अ‍ॅलन कॅल्व्हर्ट यांची कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभी वजन कमी-जास्त करता येणारे बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजन असलेले दांडे, विकत होती. पण जड वजनाने स्नायू आखडतात, अशी अनेक डॉक्टरांची आणि प्रशिक्षकांची समजूत होती. डीलॉर्म यांच्या कामाने तिला चांगलाच धक्का बसला.

सुरुवातीला ते दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत लिहिताना त्यांनी ते तीनवर आणले. पहिला सेट मापाच्या निम्म्या वजनावर, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. माप चाळीस किलो असेल, तर वीस, तीस, चाळीस. म्हणजे खरी झुंज एकाच सेटची, आधीचे दोन तयारीचे. आज तिन्ही सेट एकाच वजनावर मारले जातात. आकडा टिकला, चढण गळून गेली.

आपल्या तालमीत वाढ व्हायची ती मुख्यतः जोर-बैठकांच्या संख्येची. डीलॉर्म यांच्या मते हलकं वजन आणि भरपूर आवर्तनं म्हणजे दमसास. ताकदीसाठी जड वजनच हवं. पहिलवान त्यावर हसले असते, कारण त्यांच्या दिवसात कुस्तीचा जोरही, म्हणजे जोडीदाराशी झुंजायचा सरावही, असतो.

पुढे दहाचा मान थोडा उतरला. १९६२ साली रिचर्ड बर्गर यांनी बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन वर ढकलायच्या व्यायामावर, वेगवेगळे हिशेब ताडून पाहिले, तेव्हा ताकदीसाठी सहा रेप्सचे तीन सेट सरस ठरले. अलीकडच्या अभ्यासांतही ताकदीला जड वजन पुढे आहे. स्नायूंच्या आकाराला मात्र सेट थकवा येईतो ओढला, तर हलकं वजनही जवळपास तेवढंच चालतं.