बेंझोडायझेपीन औषधे : बेळगाव सीमाभागातील वापर व गैरवापर

बेंझोडायझेपीन : चिंता, निद्रानाश, आकडी आणि दारू सोडतानाचा त्रास यांवर दिल्या जाणाऱ्या शामक औषधांचा गट. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही यातली नेहमीची औषधे. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये. मेंदूतले गाबा हे रसायन चेतापेशींची उत्तेजना कमी करते. ही औषधे त्याचा परिणाम वाढवतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी घरांत ही शास्त्रीय नावे कोणी घेत नाही. कोणी ‘झोपेची गोळी’ म्हणते, कोणी ‘टेन्शनची’, तर कोणी नुसतीच ‘ती बारकी गोळी’. म्हणून ‘झोपेची गोळी घेता का?’ याला मनापासून ‘नाही’ म्हणणारी बाई टेन्शनची गोळी सहा वर्षे घेत असू शकते. ‘मावशी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या’ एवढे सांगितले, तर तिने न लपवता लपून राहिलेले समोर येते.

या औषधांना सरसकट वाईट ठरवणे चूक आहे. न थांबणाऱ्या आकडीत ती जीव वाचवतात. शेतातले कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला झटके आले, तर डायझेपाम किंवा मिडाझोलामच हाताशी लागते. दारू सोडताना होणारा कंप आणि भ्रम आवरायला क्लोरडायझेपॉक्साइड देतात. यकृत बिघडलेले असेल, तर लोराझेपाम बरे. घोटाळा होतो तो थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी कायमची होते तेव्हा. नैराश्यावरचे औषध लागू पडायला काही आठवडे जातात, तोवर आधार म्हणून क्लोनाझेपाम जोडले जाते. रुग्णाला गुण लगेच दिसतो तो क्लोनाझेपामचा. मग तो मूळचे औषध सोडतो आणि आधाराचे धरून ठेवतो. एसिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळत असल्याने, आपण बेंझोडायझेपीन घेतो हेच कित्येकांना ठाऊक नसते.

अवलंबित्व आणि व्यसन यांतला फरक डॉक्टरांनी पक्का धरायला हवा. सांगितल्याप्रमाणेच गोळी घेणाऱ्याच्या शरीरालाही काही आठवड्यांत तिची सवय लागते. हे अवलंबित्व; तो व्यसनी नव्हे. नशेसाठी, दारूच्या जोडीने किंवा मिळेल तिथून मिळवून घेणे हा गैरवापर. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, १० ते ७५ वयोगटातले सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळपास १.१८ कोटी भारतीय शामके वैद्यकीय कारणावाचून घेताना आढळले. पण वर्षानुवर्षे चिठ्ठीवर गोळी घेणाऱ्या आजीला या रांगेत उभे केले, की ती लाजते आणि पुढच्या खेपेस खरे सांगत नाही.

सीमेची अडचण वेगळी आहे. रुग्ण बेळगावात एक डॉक्टर दाखवतो, कोल्हापूर किंवा मिरजेला पाहुण्यांकडे गेला की दुसरा. एका चिठ्ठीवर अल्प्राझोलाम, दुसरीवर क्लोनाझेपाम. ब्रँड निराळे, म्हणून घरच्यांना ती निराळी औषधे वाटतात. त्यात भाषेची मेख आहे. कन्नडात ‘मात्रे’ म्हणजे गोळी, मराठीत ‘मात्रा’ म्हणजे औषधाचे प्रमाण. दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्याने ‘मात्रा अर्धी करा’ याचा अर्थ ‘अर्धी गोळी घ्या’ असा घेतला, तर औषध निम्म्यावर न येता एकदम सहाव्या हिश्श्यावर येते. आकड्यांचेही तसेच. ‘पॉइंट पंचवीस’ हे ‘पॉइंट पाच’पेक्षा मोठे वाटणे साहजिक आहे, प्रत्यक्षात ते निम्मे असते. सांगणे गोळ्यांच्या संख्येत असावे, रुग्णाच्या भाषेत असावे आणि कागदावर लिहून द्यावे.

एकदम बंद करणे हा सर्वांत मोठा धोका. झोप उडते, हात कापतात, छाती धडधडते; दीर्घकाळ घेतलेली असल्यास आकडी किंवा भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अल्प्राझोलामचा त्रास एकदोन दिवसांत सुरू होतो. डायझेपाम शरीरात रेंगाळते, म्हणून त्याचा त्रास आठवड्याने उगवू शकतो. तोवर ‘सुटली बरं का गोळी’ म्हणून घरात समाधान झालेले असते. हा त्रास मूळ आजार उलटल्यासारखाच दिसतो आणि गोळी पुन्हा सुरू होते. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात ही सुरुवातीची वाजवी चाल. शेवटचा टप्पा सर्वांत हळू. १० मि.ग्रॅ. डायझेपाम म्हणजे साधारण अर्धा मि.ग्रॅ. अल्प्राझोलाम. त्यामुळे ‘बारकी गोळी’ मुळीच बारकी नसते.

वृद्धांत पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि विसराळूपणा वाढतो. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला ही गोळी देताना त्याचे काम विचारलेच पाहिजे. दारू किंवा ट्रामाडोलसारखे अफूवर्गीय औषध सोबत असेल, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. अतिमात्रेत श्वास सांभाळणे हाच पहिला उपचार. फ्लुमाझेनिल हा उतारा आहे खरा, पण गोळीची सवय झालेल्या रुग्णाला त्याने आकडी येऊ शकते.

कायद्याने अल्प्राझोलाम, डायझेपाम ही अनुसूची एच-१ मध्ये मोडतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहूनच ती द्यायची, डॉक्टर, रुग्ण आणि औषधाच्या प्रमाणाची नोंद करायची आणि नोंदवही तीन वर्षे जपायची असते. एका दुकानातली वही मात्र दुसऱ्या दुकानातली चिठ्ठी दाखवत नाही. अवघड रुग्णांसाठी धारवाडची मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था जवळ आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते.