सेटलोकेलला भाषा विचारली तर सरळ उत्तर का येत नाही

१९८९च्या स्टँडर्डमधे सी या प्रोग्रामिंग भाषेला लोकेलसाठी (म्हणजे वापरणाऱ्याच्या भाषा-देशाच्या सवयींसाठी) दोन फंक्शन्स, सेटलोकेल आणि लोकेलकन्व्ह, मिळाली, त्याआधी ज्याने त्याने आपापली सोय बघायची. लोकेलकन्व्ह दशांशचिन्ह, चलनाची खूण आणि आकड्यांचे गट सांगते. वारांची-महिन्यांची नावं थेट विचारायची असतील तर एनएल_लँगइन्फो, पण ती युनिक्सकडची, सीच्या स्टँडर्डमधे अजूनही नाहीये.

गटांचं काम मात्र झकास केलंय, मानायलाच हवं. ग्रुपिंग म्हणजे उजवीकडून किती अंकांचा गट ते सांगणारी बाइटची छोटी माळ, अमेरिकेसाठी नुसता ३, आपल्यासाठी ३ आणि मग २, शेवटचा आकडा पुढे परत परत लावायचा. त्यामुळे १२,३४,५६७ बरोबर पडतं. रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याला बिलात १,२३४,५६७ दाखवलंत तर तो आधी स्वल्पविरामच मोजत बसेल.

खरा घोळ लोकेल या शब्दात आहे. भाषा, देश आणि कोडसेट (अक्षरं बाइटमधे मांडायची पद्धत) तिन्ही एकाच नावात कोंबले, आणि ते नाव कसं लिहायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं. स्टँडर्डने ठरवलेली नावं दोनच, ‘सी’ (कुठल्याच देशाचं नसलेलं मूळ लोकेल) आणि रिकामी स्ट्रिंग (मशीनवर जे लावलंय ते). म्हणजे सेटलोकेलला नल देऊन (म्हणजे काही न बदलता) सध्याचं नाव विचारलं की लिनक्स सांगणार ‘ईएन_आयएन.यूटीएफ-८’ आणि विंडोज सांगणार ‘इंग्लिश_इंडिया.१२५२’, वर लिनक्सवर कॅटेगरी (आकडे, चलन, तारीख असे भाग) वेगवेगळ्या लावल्या असतील तर सेमीकोलनवाली लांबलचक माळ. मी स्वतः पहिली दोन अक्षरं कापून भाषा काढायचो, इंग्रजीला दोन्हीकडे ‘ईएन’ येतं म्हणून वर्षभर खपलं, मग जर्मन मशीनवर लिनक्सने ‘डीई’ दिलं आणि विंडोजने ‘जीई’. शिवाय सुरुवातीला रिकामी स्ट्रिंग देऊन सेटलोकेल बोलावलं नाही तर सगळीकडे ‘सी’च येतो, ते विसरणारे आमच्या हिंजवडीत दर बॅचला निघतात.

यावर ‘भाषेसाठी वेगळं फंक्शन द्यायला हवं होतं’ विरुद्ध ‘लायब्ररीला भाषेशी काय घेणं’ हा वाद जुना आहे. माझ्या मते पहिले बरोबर होते.

दुसरं दुखणं म्हणजे अख्ख्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) लोकेल एकच. एखाद्या लायब्ररीने मधेच जर्मन लावलं, जिथे दशांशचिन्ह स्वल्पविराम असतं, की ‘१२.५०’ वाचताना मजकुरातून संख्या काढणारं एसटीआरटीओडी १२ वरच थांबतं, एररही नाही. २००८च्या पॉझिक्समधे (युनिक्सकडच्या स्टँडर्डमधे) यूजलोकेल आलं, प्रोसेसमधल्या एका थ्रेडपुरतं. विंडोजने व्हिस्टापासून नावाने विचारायची सोय दिली, तिथे मराठी म्हणजे ‘एमआर-आयएन’, मधे हायफन, लिनक्सवर अंडरस्कोर.