परसातील कोंबड्यांचे लसीकरण व मिश्र कळप

परसदारी पाळलेल्या कोंबड्यांपैकी काहींना लस दिलेली आणि काहींना न दिलेली, अशा एकत्र वावरणाऱ्या पक्ष्यांच्या समूहाला येथे मिश्र कळप म्हटले आहे. खेड्यात असा कळप ही रीतच असते. खुडूक कोंबडीने नुकतीच उबवलेली पिल्ले, आठवडी बाजारातून आणलेली तलंग, उबवणी केंद्रातून लस घेऊन आलेली सुधारित जातीची पिल्ले आणि जुना गावठी कोंबडा रात्री एकाच खुराड्यात कोंडले जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतातील परसातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली. लस दिलेला पक्षी न दिलेल्याला बाधतो की तारतो, या प्रश्नाचे उत्तर रोगागणिक व लशीगणिक बदलते.

परसातील लसीकरण प्रामुख्याने मानमोडी किंवा राणीखेत रोगाविरुद्ध होते. रोगी पक्ष्याची मान पिरगळते, त्यावरून ‘मानमोडी’ हे नाव पडले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही महाराष्ट्रात हेच नाव होते, पण त्या दोन रोगांचा परस्परांशी संबंध नाही. रोगाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे साथी उद्भवल्या. ब्रिटिश पशुवैद्यक संशोधक डॉयल यांनी ‘न्यूकॅसल रोग’ हे नाव तात्पुरते म्हणून सुचवले आणि तेच रूढ झाले. भारतात १९२७-२८ च्या सुमारास आजच्या उत्तराखंडातील राणीखेत येथील प्रादुर्भावावरून त्याला ‘राणीखेत’ हे दुसरे नाव मिळाले. तथापि १८९० च्या दशकात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर कोंबड्यांचा झालेला संहार आणि १९२४ च्या सुमारास कोरियात दिसलेला रोग हाच असावा, असे काही अभ्यासक मानतात. उपलब्ध वर्णनांवरून ते निश्चित ठरवता येत नाही. एका मतानुसार हा विषाणू आग्नेय आशियातील खेड्यांतल्या कोंबड्यांत पूर्वीपासून होता आणि व्यापारी कुक्कुटपालन वाढल्यावरच तो नजरेत भरला. दुसऱ्या मतानुसार तो रानपक्ष्यांकडून आला. तिसऱ्या मतानुसार सौम्य विषाणूंतील उत्परिवर्तनाने (जनुकीय बदलाने) तीव्र रूप तयार झाले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या प्रादुर्भावातील तीव्र विषाणू तेथीलच सौम्य विषाणूपासून निघाल्याचे जनुकीय तपासणीत दिसल्याने तिसऱ्या मताला अधिक आधार मिळतो. मात्र त्यामुळे पहिले मत पूर्णपणे निकालात निघत नाही.

एफ, लासोटा यांसारख्या सौम्य लशींमध्ये जिवंत विषाणू असतो. तो लस घेतलेल्या पक्ष्याच्या श्वसनमार्गात व आतड्यात वाढतो, बाहेर पडतो आणि शेजारच्या पक्ष्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे बिनलशीच्या पक्ष्यातही काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होऊ शकते. ऑस्ट्रेलियात खेड्यांतील कोंबड्यांसाठी विकसित झालेल्या, उष्णता सोसणाऱ्या आय-२ या लशीच्या बाबतीत हा गुण विशेष अभ्यासला गेला. मात्र हा प्रसार विषम असतो. रात्री दाटीने कोंडलेल्या पक्ष्यांत तो होतो, झाडावर बसणाऱ्यांत त्याची शाश्वती नाही. म्हणून प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात स्वतंत्र थेंब टाकण्याची पद्धतच ग्राह्य मानावी. थेंब टाकताना पक्ष्याला कुशीवर धरून एक डोळा वर ठेवतात, थेंब बुबुळावर पसरून पक्षी डोळा मिचकावीपर्यंत हात सोडत नाहीत. आय-२ लस दर चार महिन्यांनी पुन्हा देतात.

लशीने रोग टळतो, संसर्ग मात्र दरवेळी टळत नाही. लस दिलेली कोंबडी रोगाचा विषाणू शरीरात बाळगून कमी प्रमाणात बाहेर टाकू शकते आणि स्वतः धडधाकट दिसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कळपातील सुमारे ८५ टक्के पक्ष्यांत पुरेशी प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी रक्तातील प्रथिने) असतील, तरच प्रसार थांबण्याची अपेक्षा धरता येते. अर्धवट लसीकरण झालेल्या परसात हे प्रमाण गाठणे अवघड असते.

भारतात ‘आरटूबी’ ही मध्यम तीव्रतेची लसही प्रचलित आहे. ती आजच्या उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथील विषाणूप्रकारावर आधारलेली आहे. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवलेली प्रयोगशाळा पुढे या लशीच्या कामाशी निगडित झाली. आधी सौम्य लस न मिळालेल्या कोवळ्या पिल्लांना आरटूबी झेपत नाही. म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांनंतर टोचतात आणि ती टोचण्याच्या काळात कळपातील लहान, बिनलशीची पिल्ले वेगळी ठेवणे इष्ट होय.

मरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगात चित्र बरेच उलटे आहे. योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये हंगेरीत त्याचे वर्णन केले आणि १९७० च्या सुमारास लशी आल्या. या लशी गाठी व लुळेपणा रोखतात, पण विषाणूचा शिरकाव रोखत नाहीत. पिसांच्या मुळांतून गळणाऱ्या कोंड्यावाटे तो बाहेर पडत राहतो आणि धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अतितीव्र विषाणू दिलेले बिनलशीचे पक्षी फारसा प्रसार न करताच मेले, तर लस दिलेले पक्षी जगून कित्येक आठवडे विषाणू टाकत राहिले आणि त्यांच्यासोबत ठेवलेल्या बिनलशीच्या पक्ष्यांना रोग झाला. यावरून लशीनेच तीव्रता वाढली असा सरसकट निष्कर्ष काही जण काढतात. दाट वस्तीचे व्यापारी पालन हेही त्याचे कारण असू शकते, त्यामुळे तो निष्कर्ष सावधपणे घ्यावा. ही लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. मोठ्या, आधीच संसर्ग झालेल्या कोंबडीला तिचा फारसा उपयोग नाही.

संसर्गजन्य स्वरयंत्र-श्वासनलिकादाह या कोंबड्यांच्या श्वसनरोगाच्या काही जिवंत लशी बिनलशीच्या पक्ष्यांत फिरता फिरता तीव्र होऊ शकतात; ऑस्ट्रेलियात दोन लसविषाणूंच्या संयोगातून तीव्र विषाणू निपजल्याचे २०१२ मध्ये दाखवले गेले. कोंबड्यांच्या देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईने टोचतात. सात ते दहा दिवसांत तेथे खपली धरली म्हणजे लस लागली. त्या खपलीतही विषाणू असतो.

परसात मिश्र कळप राहण्याचे एक साधे कारण लशीच्या कुपीत आहे. राणीखेतची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि विरघळवल्यानंतर एक-दोन तासांतच संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. ज्या वाडीत सर्वांनी एकच दिवस ठरवून, सकाळी कोंबड्या सोडण्याआधी खुराड्याच्या तोंडाशीच लस दिली जाते, तेथे एका कुपीत सगळी घरे भागतात.