लूस बार: 27 चौरस मीटर आणि दारावरचा झेंडा

व्हिएन्नाच्या केर्न्टनर स्ट्रासे या रस्त्यापासून दोन पावलांवरच्या एका बोळात 1908 साली ‘अमेरिकन बार’ सुरू झाला. आज लोक त्याला त्याचा वास्तुकार अडॉल्फ लूस याच्याच नावाने ‘लूस बार’ म्हणतात. हा गृहस्थ 1893 ते 1896 अमेरिकेत राहून आला होता. तासन्‌तास कॉफी हाउसात बसणाऱ्या शहरात कॉकटेलचा बार काढणं हे तेव्हा नवलच होतं.

जागा जेमतेम 27 चौरस मीटर, मुंबईतल्या वन-रूम-किचनएवढी. खरी करामत आरशांची. महोगनीचं लाकूडकाम डोक्याच्या वर जातं आणि आरसे सुरू होतात ते त्याच्याही वर. त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसत नाही. दिसतं ते चौकोनी खणांचं संगमरवरी छत, आरशाआरशातून लांबतच गेलेलं.

वाद आहे तो दर्शनी भागावरून. दारावर रंगीत काचांचा अमेरिकन झेंडा आहे. अलंकरणाला गुन्हा ठरवणाऱ्या लूसने हा भडक झेंडा का लावला? शिवाय ‘अलंकरण आणि गुन्हा’ हा त्याचा प्रसिद्ध निबंधही 1908 चाच, असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं, म्हणजे वर्षभरातच स्वतःचा नियम मोडला! पण हा निबंध मुळात व्याख्यान होता, आणि व्हिएन्नात ते झालं जानेवारी 1910 मध्ये. फ्रेंचमध्ये ते 1913 ला छापून आलं, जर्मनमध्ये तर थेट 1929 ला. अर्थात तारखा दुरुस्त केल्याने आरोप पुरता मिटत नाही. नक्षीकामावरची त्याची टीका 1898 च्या वृत्तपत्री लेखांपासूनच चालू होती. तरीही झेंड्याला नक्षी म्हणणं मला पटत नाही. ती दुकानाची पाटी आहे, आत काय मिळतं ते सांगणारी. त्याचा राग कोरीवकामावर होता, महागड्या दगडावर नव्हता; संगमरवराच्या नैसर्गिक शिरा त्याला मनापासून आवडत.

सुरुवातीला इथे स्त्रियांना मज्जाव होता, ही गोष्ट कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. भिंतीवरच्या कवी पीटर आल्टेनबर्गच्या चित्राची मात्र हमखास येते. हा कवी वास्तुकाराचा जवळचा मित्र.

1959 मध्ये बारला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि 1989 मध्ये मोठी डागडुजी झाली. आता वास्तुकलेचे विद्यार्थी छत बघायला येतात आणि तेवढ्याशा जागेत पिणाऱ्यांनाच उभं राहायला जागा उरत नाही.